फुफ्फुसात गेलेला कण मोजायचा कसा? पालोमारेस आणि लघवीच्या दीड हजार बाटल्या

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे बघा ना' आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावून लोकलमध्ये, पीएमटीत किंवा हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकत असाल तर स्वागत. वाचत असाल तर डबल स्वागत, कारण आजच्या एपिसोडमध्ये थोडं गणित आहे आणि ते वाचताना जास्त सोपं जातं.

गेल्या महिन्यात एका ऐकणाऱ्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याचे वडील फौजेतून रिटायर झालेत. त्याने विचारलं, "दादा, एक्स-रे काढणाऱ्या लोकांच्या खिशाला तो बिल्ला असतो, त्यावरून किती रेडिएशन लागलं ते कळतं. पण सैनिकाने किरणोत्सर्गी धूळ श्वासातून आत घेतली, तर ते कसं मोजतात? आत तर बिल्ला लावता येत नाही."

प्रश्न भारी आहे. आणि याचं उत्तर देताना एक खरी घटना सांगावीच लागते. ती आहे स्पेनमधली, १९६६ सालची.

आकाशात टक्कर, टोमॅटोच्या शेतात बॉम्ब

१७ जानेवारी १९६६. शीतयुद्धाचा काळ. अमेरिकेची बी-५२ बॉम्बर विमानं हायड्रोजन बॉम्ब घेऊन सतत आकाशात फिरत असायची. त्यातलं एक विमान स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर हवेतच इंधन भरून घेत होतं आणि इंधन देणाऱ्या केसी-१३५ विमानाला धडकलं. टँकरमधले चारही जण गेले. बी-५२ मधल्या सातपैकी तीन जण गेले.

बॉम्बरमध्ये चार हायड्रोजन बॉम्ब होते. एक समुद्रात पडला, तो शोधायला जवळपास ८० दिवस लागले. तीन बॉम्ब पालोमारेस नावाच्या छोट्या शेतकरी गावाजवळ जमिनीवर पडले. त्यातला एक बऱ्यापैकी शाबूत राहिला. उरलेल्या दोघांमधली साधी स्फोटकं आदळल्यावर फुटली. अणुस्फोट झाला नाही, हे आधीच सांगतो. पण आतलं प्लुटोनियम फुटलं, जळलं आणि बारीक धूळ होऊन वाऱ्याबरोबर शेतांवर, घरांवर पसरलं.

मग साफसफाई. अमेरिकेने सुमारे १,६०० हवाईदलाचे लोक तिथे आणले. बरेचसे विशी-बाविशीतले, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या वयाचे. यातल्या बहुतेकांना प्लुटोनियमचा काही अनुभव नव्हता. त्यांनी टोमॅटोची झाडं कापली, माती खरवडली, पिंपं भरली. सुमारे १,४०० टन माती आणि झाडपाला जहाजाने अमेरिकेत साउथ कॅरोलिनाला नेऊन पुरला.

आता विचार करा. कोरडं हवामान, वारा, हातात फावडं, आणि त्या मातीत प्लुटोनियम. धूळ नाकातोंडात जाणारच. प्रश्न इतकाच की किती गेली? आणि त्यातून शरीराला किती डोस बसला?

या एका आकड्यावर पुढे त्या लोकांचं पेन्शन, उपचार, सगळं ठरणार होतं.

बाहेर निरुपद्रवी, आत बिलंदर

प्लुटोनियम-२३९ मुख्यतः अल्फा कण सोडतं. अल्फा कण तब्येतीने जाडजूड असतो. साधा कागदसुद्धा त्याला अडवतो. त्वचेचा वरचा मेलेला थर अडवतो. म्हणजे प्लुटोनियम टेबलावर पडलं असेल आणि तुम्ही शेजारी बसलात, तर अल्फा कणांमुळे तुम्हाला जवळपास काही होत नाही. खिशावरच्या बिल्ल्यालाही काही कळत नाही. ऐकणाऱ्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच: इथे बिल्ला आंधळा आहे.

पण तोच कण फुफ्फुसात जाऊन बसला की तिथे मेलेली त्वचा नाही. जिवंत पेशी थेट समोर. अल्फा कण तिथे फार तर ४०-५० मायक्रॉन जातो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर, आणि आपली सगळी ऊर्जा तेवढ्याशा जागेत ओतून टाकतो. म्हणून डोस काढताना अल्फाला गॅमाच्या तुलनेत २० पट वजन देतात.

दुसरी गोष्ट, प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षं. तुमच्या आयुष्यात ते संपत नाही. शरीराने बाहेर टाकलं तर गेलं, नाही तर मुक्काम पक्का.

धुळीचा प्रवास

सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा त्यात धूळ तरंगताना दिसते ना? आणि तुम्ही रांगोळीचा डबा उपडा केलात तर जाड रांगोळी लगेच खाली बसते, पण एक बारीक ढग हवेत राहतो. तो ढग म्हणजे आपला आजचा खलनायक. जाड कण नाकात अडकतो. बारीक कण खोल जातो.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९४ मध्ये श्वसनमार्गाचं एक मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात नाकापासून वायुकोशांपर्यंत श्वसनमार्गाचे भाग पाडलेत आणि कुठल्या आकाराचा कण कुठे किती बसतो ते दिलंय. ५ मायक्रॉनचे १०० कण काम करणाऱ्या माणसाने श्वासात घेतले, तर ७० पेक्षा जास्त नाकात आणि घशातच अडकतात. अगदी खोल, वायुकोशांच्या भागात पाच-सहा पोचतात. १ मायक्रॉनचे असले तर दहा-अकरा पोचतात. बाकीचे काही उच्छ्वासाबरोबर परत बाहेर.

इथे एक गंमत आहे. आकार म्हणजे नुसती पट्टीने मोजलेली रुंदी नाही, कण हवेत कसा वागतो ते महत्त्वाचं. प्लुटोनियम ऑक्साइड पाण्याच्या अकरापट जड. त्यामुळे त्याचा १ मायक्रॉनचा कण हवेत पाण्याच्या सुमारे ३ मायक्रॉनच्या थेंबासारखा वागतो.

वरच्या श्वासनलिकांमध्ये अडकलेले कण कफाबरोबर हळूहळू वर सरकतात. मॉलमधला सरकता जिना डोळ्यांसमोर आणा. तो कण घशात येतो, आपण नकळत गिळतो आणि तो शौचावाटे निघून जातो. पण वायुकोशांपर्यंत हा जिना पोचत नाही. तिथे बसलेला कण निघायला महिने, वर्षं लागतात.

विरघळतो की नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित.

कण फुफ्फुसात बसला. आता तो रक्तात उतरतो का? मॉडेलमध्ये यासाठी तीन गट आहेत: पटकन विरघळणारे, मध्यम आणि हट्टी. मध्यम गटात १० टक्के भाग लगेच रक्तात जातो, बाकीचा काही महिन्यांत. हट्टी गटात फक्त ०.१ टक्का लगेच जातो. उरलेल्याला निम्मं व्हायला ७,००० दिवस, म्हणजे १९ वर्षं.

प्लुटोनियम जळलं की त्याचं ऑक्साइड होतं. ऑक्साइड साधारणपणे हट्टी गटात मोडतं. पालोमारेसची धूळ बहुतांशी याच प्रकारची.

रक्तात उतरलेलं प्लुटोनियम मुख्यतः हाडांत आणि यकृतात जाऊन बसतं, आणि त्याचा अगदी छोटा अंश मूत्रपिंडातून लघवीत येतो. लघवीत. म्हणूनच लघवीच्या बाटल्या.

मोजायचे तीन रस्ते

आता मुख्य मुद्दा. आत गेलेलं मोजायला ढोबळमानाने तीन रस्ते आहेत.

पहिला, हवा मोजा. एका पंपाने हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टरवर किती किरणोत्सर्ग साठला ते बघायचं. मग हिशोब सरळ: हवेतलं प्रमाण गुणिले श्वासाचा वेग गुणिले तास. हलकं काम करणारा माणूस तासाला साधारण १.२ घनमीटर हवा ओढतो. अडचण अशी की पंप एका जागी आणि फावडं मारणारा दुसऱ्या जागी. त्याच्या नाकासमोरची धूळ पंपाला दिसत नाही. शिवाय पंप पोचण्याआधीचे दिवस तर कोरेच.

दुसरा, शरीर बाहेरून मोजा. छातीसमोर संवेदनशील डिटेक्टर ठेवायचे. पण अल्फा बाहेर येत नाही. प्लुटोनियमचे जे क्षीण एक्स-रे निघतात ते बरगड्या आणि स्नायूंतच विरतात. सोबत असलेल्या अमेरिशियम-२४१ चे गॅमा किरण मोजून अंदाज काढता येतो, पण त्यासाठी आत बऱ्यापैकी माल असावा लागतो.

तिसरा, शरीरातून बाहेर काय येतं ते मोजा. लघवी किंवा शौच. पालोमारेसमध्ये मुख्य भरवसा लघवीवर होता.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे ओळखीचं वाटतं. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी बिघडलंय, सर्व्हरमध्ये हात घालता येत नाही, फक्त लॉगच्या चार ओळी मिळाल्यात. त्या ओळींवरून उलटं जात आत काय झालं असेल ते ठरवायचं. लघवी म्हणजे शरीराचा लॉग. आणि लॉग फारच कंजूष आहे.

चला, हिशोब करू

दोन एककं आधी. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. सिव्हर्ट म्हणजे शरीराला होऊ शकणाऱ्या नुकसानीचं माप. आपण मिलिसिव्हर्ट वापरू. तुलनेसाठी: निसर्गाकडून आपल्याला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. किरणोत्सर्गाच्या कामातल्या माणसासाठी वर्षाला सरासरी २० ही मर्यादा मानतात.

आता १ मायक्रोग्रॅम प्लुटोनियम-२३९ घ्या. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यात सुमारे २,३०० बेकरेल असतात. हट्टी गटातल्या ५ मायक्रॉनच्या धुळीसाठी आयोगाने दिलेला गुणक आहे, दर बेकरेलला ०.००८३ मिलिसिव्हर्ट. गुणाकार करा: १९ मिलिसिव्हर्ट. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिमटीभरही नसलेल्या धुळीने वर्षाची मर्यादा जवळपास संपली. (हा डोस पुढच्या ५० वर्षांचा एकत्र धरलेला असतो, पण हिशोबात तो श्वास घेतला त्याच वर्षाच्या नावावर टाकतात.)

आता लघवीकडे. हट्टी गटाचं प्लुटोनियम असेल तर दिवसभराच्या लघवीत आत गेलेल्या मालाचा साधारण दहा लाखावा भाग येतो असं समजा. सुरुवातीच्या दिवसांनंतर तो याहूनही कमी होतो, पण गणितासाठी हा आकडा सोपा.

लघवीत १ मिलिबेकरेल सापडलं. गुणिले दहा लाख. म्हणजे आत गेले १,००० बेकरेल. डोस ८.३ मिलिसिव्हर्ट.

आता तोच माल मध्यम गटातला आहे असं धरा. मग लघवीत येणारा भाग साधारण शंभरपट जास्त. म्हणजे त्याच १ मिलिबेकरेलवरून आत गेलेला माल शंभरपट कमी निघतो: १० बेकरेल. या गटाचा गुणक चौपट मोठा आहे, ०.०३२. तरी डोस येतो ०.३२ मिलिसिव्हर्ट.

बघा हं. बाटली तीच, मशीन तेच, आकडा तोच. फक्त धूळ विरघळते की नाही याबद्दलचं गृहीतक बदललं आणि डोस २६ पट बदलला. कोणीही खोटं बोललेलं नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. त्या काळात लघवीवरून शरीरातलं प्लुटोनियम काढायचं जे सूत्र होतं, ते लॉस अलामोसच्या राइट लँगहॅम यांच्या नावाने ओळखलं जातं. लँगहॅम स्वतः पालोमारेसला गेले होते. ते सूत्र कुठून आलं? १९४५ ते १९४७ दरम्यान अमेरिकेत १८ लोकांच्या शरीरात प्लुटोनियम टोचून त्यांची लघवी मोजली गेली होती. त्यातल्या बहुतेकांना काय टोचतोय हे सांगितलंच नव्हतं. हा इतिहास वाचून पोटात गोळा येतो. पण गणिताच्या बाजूनेही बघा: तिथे प्लुटोनियम थेट रक्तात गेलं होतं. पालोमारेसमध्ये ते फुफ्फुसात हट्ट धरून बसलं होतं, रक्तात उतरतच नव्हतं. रक्तासाठी बनवलेलं सूत्र फुफ्फुसातला माल कमी दाखवणार.

एक कण बाटलीत पडला तर?

आता दुसरी बाजू, नाहीतर हिशोब एकतर्फी होईल.

प्लुटोनियम ऑक्साइडचा एकच कण घ्या, १ मायक्रॉनचा. त्यात सुमारे १२ मिलिबेकरेल असतात. म्हणजे साधारण ८० सेकंदांत एक अणू फुटतो. किरकोळ.

पण हा कण तुमच्या बाहीवरून लघवीच्या बाटलीत पडला. लॅबला वाटणार, हे शरीरातून आलंय. गुणिले दहा लाख. आत गेले १२,००० बेकरेल. डोस १०० मिलिसिव्हर्ट. पाच वर्षांची मर्यादा एका कणात, आणि तो कण शरीरात गेलेलाच नाही!

पालोमारेसला हेच संकट होतं. तंबूंच्या कॅम्पमध्ये, धुळीत काम करून आलेले लोक बाटल्या भरत होते. त्यामुळे काही नमुने बाहेरून खराब झाले असणार, ही शंका शंभर टक्के रास्त होती.

मग झालं काय? सुमारे १,५०० जणांचे नमुने घेतले गेले. त्यातले हजारच्या आसपास बाहेरून दूषित किंवा निरुपयोगी ठरवून बाजूला काढले. सुरुवातीच्या दिवसांतले, म्हणजे जेव्हा धूळ सर्वात जास्त होती तेव्हाचे नमुने यातच गेले. शेवटी ज्यांचे आकडे सर्वात वरचे आणि खरे मानले असे २६ जण उरले. त्यांच्यावर पुढे काही काळ लक्ष ठेवलं. बाकीच्यांना पुन्हा बोलावून, घरी गेल्यावर, स्वच्छ कपड्यांत, स्वच्छ बाटलीत नमुना घेणं हा सरळ उपाय होता. तो सगळ्यांच्या बाबतीत झाला नाही.

माझीही एक चूक

इथे मी थोडा स्वतःचा किस्सा सांगतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कोल्ड स्टोरेजच्या तापमानाच्या सेन्सरचा डेटा सांभाळायचो. सेन्सर मधूनच वेडेवाकडे आकडे द्यायचे. उणे दोनच्या जागी एकदम अधिक तीस. मी एक फिल्टर लिहिला: अमुक आकड्याच्या वर गेलं की 'सेन्सर एरर' समजून टाकून द्या. डॅशबोर्ड एकदम देखणा झाला. कौतुकही झालं.

तीन आठवड्यांनी एका खोलीचा कॉम्प्रेसर खरोखर बंद पडला. तापमान चढलं, माझ्या फिल्टरने ते एरर म्हणून गाळलं आणि डॅशबोर्डवर जुनाच हिरवा आकडा राहिला. माल खराब झाला. सीनियरने मला एकच वाक्य ऐकवलं, "टाकून दिलेला डेटा म्हणजे शून्य नव्हे रे, टाकून दिलेला डेटा म्हणजे माहीत नाही."

माझं नुकसान मालाचं होतं. इथे माणसं होती. नमुना बाद केला, इथपर्यंत ठीक. पण नमुना बाद झालेल्या माणसाचा डोस मग किती? तो शून्य नाही. तो 'माहीत नाही' आहे. आणि फाइलमध्ये 'माहीत नाही' लिहायला जागा नसली की तिथे हळूच 'नगण्य' येऊन बसतं.

फाइलमधला आकडा आणि कोर्ट

अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अणुचाचण्यांत हजर असलेल्या आणि हिरोशिमा-नागासाकीत नंतर तैनात झालेल्या सैनिकांना एक सवलत मिळाली: ठराविक कॅन्सर झाला तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं, डोस सिद्ध करायची गरज नाही. पालोमारेस त्या यादीत नव्हतं. म्हणजे पालोमारेसच्या माणसाने अर्ज केला की विभाग हवाईदलाला विचारणार, याचा डोस किती? हवाईदल आकडा देणार. आकडा छोटा आला की अर्ज नामंजूर.

व्हिक्टर स्कार हे हवाईदलातून निवृत्त झालेले गृहस्थ त्या साफसफाईत होते. त्यांना पांढऱ्या पेशी कमी होण्याचा आजार झाला आणि त्यांचा दावा नाकारला गेला. ते स्वतः त्या २६ जणांपैकी होते, तरी त्यांनी भांडण फक्त स्वतःपुरतं ठेवलं नाही. येल विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांची बाजू घेतली. प्रश्न साधा होता: हा डोस ज्या पद्धतीने काढलाय ती पद्धत शास्त्राला धरून आहे का? डिसेंबर २०२० मध्ये माजी सैनिकांच्या दाव्यांचं अपील ऐकणाऱ्या कोर्टाने म्हटलं की ही पद्धत भक्कम शास्त्रीय पुराव्यावर उभी आहे का, हे तपासण्याचं काम अपील मंडळाने केलंच नाही. २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने हा निकाल ज्यांना लागू होणार होता तो गट मात्र लहान केला.

पण त्याच वर्षी, १० ऑगस्ट २०२२ ला, अमेरिकेत पॅक्ट नावाचा कायदा झाला. त्यात पालोमारेसची साफसफाई त्या यादीत आली. सोबत ग्रीनलँडमधलं थुले, जिथे १९६८ मध्ये असाच अपघात बर्फावर झाला होता. आणि पॅसिफिकमधलं एनेवेटाक, जिथे १९७७ ते १९८० दरम्यान अणुचाचण्यांची माती गोळा केली होती. आता या लोकांना यादीतला कॅन्सर झाला तर डोसचा आकडा सिद्ध करावा लागत नाही.

म्हणजे ५६ वर्षांनी कायद्याने मान्य केलं की हा आकडा आता नीट काढता येणार नाही. विशी-बाविशीत फावडं मारणारी पोरं तोवर पंचाहत्तरीच्या पुढे होती. अनेक जण तो दिवस बघायला नव्हतेच.

मग युरेनियमचं काय?

व्हॉइस नोटमध्ये उपप्रश्न होता: आखाती युद्धातल्या युरेनियमच्या गोळ्यांचं काय?

१९९१ च्या युद्धात अमेरिकेने घटवलेल्या युरेनियमचे रणगाडाभेदी गोळे वापरले. ते चिलखतावर आदळले की युरेनियम पेटतं आणि ऑक्साइडची बारीक धूळ होते. म्हणजे पुन्हा श्वासाचाच रस्ता. पण दोन मोठे फरक आहेत. एक, त्याचा किरणोत्सर्ग खूपच क्षीण. १ मायक्रोग्रॅममध्ये प्लुटोनियमचे २,३०० बेकरेल, तर याचे ०.०१५ च्या आसपास. त्यामुळे इथे मूत्रपिंडावर होणारा रासायनिक परिणामही तितकाच लक्षात घ्यावा लागतो. दोन, युरेनियम आपल्या सगळ्यांच्या लघवीत थोडं असतंच, अन्नपाण्यातून येतं. म्हणून नुसतं 'सापडलं' म्हणून चालत नाही. युरेनियम-२३५ आणि २३८ चं गुणोत्तर बघतात. निसर्गात २३५ हे ०.७२ टक्के, घटवलेल्यात सुमारे ०.२ टक्के. गुणोत्तर ढळलेलं दिसलं की कळतं, हे युद्धातलं आहे.

आपल्याच रणगाड्यांचे गोळे चुकून लागून जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांची लघवी बाल्टिमोरमध्ये १९९३ पासून ठराविक काळाने तपासली जाते. नमुना एकदा घेऊन फाइल बंद केली नाही. पालोमारेसला हेच हवं होतं.

कोणी डोसचा आकडा सांगितला तर

अशी बातमी वाचली, किंवा घरातल्या कोणाच्या हातात असा कागद आला, तर चार प्रश्न विचारा.

एक, काय मोजलं? हवा, छाती, लघवी? की काहीच न मोजता दुसऱ्या कोणाच्या आकड्यावरून अंदाज केला?

दोन, धूळ विरघळणारी धरली की हट्टी? २६ पटीचा फरक आठवा.

तीन, कोणते नमुने बाद केले आणि त्यांच्या जागी काय भरलं?

चार, आकडा एकटा आहे की सोबत 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा आहे? अशा हिशोबात एकटा आकडा दिसला, तर पट्टा कोणीतरी खोडलाय असं समजा.

आणि हे प्रश्न दोन्ही बाजूंना विचारा. 'सगळे मरणार' म्हणणाऱ्या फॉरवर्डलासुद्धा. बाहीवरच्या एका कणाने १०० मिलिसिव्हर्टचं भूत उभं राहतं, हे आपण आत्ताच बघितलं.

ज्याने प्रश्न विचारला त्याला थेट उत्तर: हो मित्रा, आतला डोस मोजता येतो. वेळेवर, स्वच्छ हाताने, पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर बऱ्यापैकी नीट. पहिले दिवस वाया घालवले तर पुढे कितीही भारी मॉडेल आणलं तरी ते दिवस परत येत नाहीत. वडिलांना नमस्कार सांग.

चला, आजच्यापुरतं एवढंच. गणितात कुठे अडलात किंवा माझं काही चुकलं असं वाटलं, तर व्हॉइस नोट टाका. चुका पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीलाच सांगून दुरुस्त करतो, फिल्टर लावून गाळत नाही. शिकलोय तेवढं.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.